भाडेकरूला काढायचं की ठेवायचं?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय होता ‘नागरिकांचे हक्क आणि कर्तव्ये’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची माझी तयारी नाही. मी ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. भाषणं ऐकली भरपूर, केली नाहीत. म्हणून मी संयोजकांना विचारलं, माझ्या घरात घडलेली एकच गोष्ट सांगितली तर चालेल का? ते चालेल म्हणाले. तुमच्यातले निम्मे तरी पुण्यात, कोल्हापुरात खोली घेऊन राहत असतील. काहींच्या घरातली एखादी खोली भाड्याने दिलेली असेल. म्हणजे आज ना उद्या तुम्हाला या नाहीतर त्या बाजूने यात पडायचं आहेच.

माझं घर मिरजेत आहे. खाली आम्ही राहतो: मी, माझी पत्नी, धाकटा मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून वर दोन खोल्या काढल्या. पेन्शन किती मिळते ते एसटीवाल्यांच्या घरातल्या मुलांना सांगायला नको. तेव्हा वरच्या खोल्यांचं भाडं हाच आमचा महिन्याचा आधार. पाच हजार रुपये भाडं, वीस हजार डिपॉझिट.

खोल्या दिल्या होत्या उत्तर प्रदेशातल्या देवरिया जिल्ह्यातल्या एका कुटुंबाला. नाव सांगत नाही. तो स्टेशनजवळ समोशाची गाडी लावतो. बायको, एक मुलगी, एक लहान मुलगा. मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीला होती आणि माझ्या नातवाला ‘ळ’ म्हणायला तिनेच शिकवलं. दीड वर्षात भाडं एकदाही थकलं नाही. आमच्या घरी बिर्याणी झाली की एक डबा वर जायचा, वरून सणाला ठेकुआ यायचा. हे सांगतोय ते एवढ्याचसाठी की पुढचं ऐकताना तुम्ही त्याला गुंड समजू नये. आणि देवमाणूसही समजू नये.

गेल्या वर्षी जानेवारीतली सकाळ. थंडी होती, सगळ्यांच्या खिडक्या बंद. आमच्याकडे नळाला पाणी साडेसहाला येतं आणि तासाभरात जातं. पाण्याची मोटर जिन्याखाली, फरशीवर बसवलेली आहे. मी उठून बाहेर आलो तर गॅसचा वास. बायकोला हाक मारली, ‘‘शेगडीचं बटण बघ गं.’’ ती म्हणाली, बंद आहे. मग मी काय केलं? मला वाटलं, गल्लीतून येत असेल. आणि मनात दुसरा विचार, पाणी जाईल. वरच्या बाई घागर घेऊन जिना उतरत होत्या. मी मोटरचं बटण दाबलं.

मोठा आवाज झाला नाही. भप्प, एवढंच. जिन्याखालून निळसर जाळ निघाला आणि फरशीला धरून पायऱ्यांवरून वर गेला. गुडघ्याच्या वर नव्हता. दोन-तीन सेकंदांत संपलासुद्धा. पण बाई त्याच पायऱ्यांवर उभ्या होत्या. साडीच्या काठाने पेट घेतला. माझ्या सुनेने बादली उचलून त्यांच्या अंगावर ओतली, म्हणून तिथेच थांबलं. दोन्ही पाय घोट्यापर्यंत आणि उजवी पोटरी भाजली. एक शेजारीण टूथपेस्ट घेऊन धावत आली, तिला सुनेने अडवलं आणि वीस मिनिटं पायांवर नळाचं पाणी सोडत राहिली. डॉक्टर नंतर म्हणाले, तेवढं एक बरोबर केलंत.

मी वर धावलो. स्वयंपाकघरात १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर उलटं करून ठेवलेलं, त्याला पाइप आणि पाइपचं दुसरं टोक गाडीवरच्या छोट्या सिलिंडरला. मोठ्यातून छोट्यात गॅस भरणं चाललं होतं. भरताना जोड निसटला होता. त्याने वॉल्व्ह बंद केला होता, पण तोवर बराच गॅस बाहेर पडला होता. ही गोष्ट पंधरा मिनिटं आधीची.

इथे थोडं वर्कशॉपचं बोलू द्या, कारण हे तुमच्या खोलीवर उपयोगी पडेल. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा उतरतो आणि खोलगट जागी साचतो. सिलिंडरमध्ये तो द्रवरूपात असतो. एक लिटर द्रव सांडला तर त्याचा साधारण अडीचशे लिटर गॅस होतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की ठिणगीवर पेटतो. गॅसला स्वतःचा वास नसतो. धोक्याची पातळी येण्याच्या आधी आपल्याला कळावं म्हणून तो वास मुद्दाम मिसळतात. म्हणजे वास आला की तो निरोप असतो. आणि घरगुती मोटर चालू होताना तिच्या आतल्या स्विचवर ठिणगी पडते, ही गोष्ट मला, आयुष्यभर मोटरी खोलणाऱ्या माणसाला, चांगली ठाऊक होती. वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू असेल ते बंदही करायचं नाही, दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, माणसं बाहेर काढायची आणि बाहेरून १९०६ ला फोन करायचा. हा नंबर चोवीस तास चालतो. मोबाईलमध्ये घालून ठेवा, आत्ता घातला तरी चालेल.

आणि एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस भरणं हा गुन्हा आहे. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणंही बेकायदा आहे. यामागे नुसती सरकारी हौस नाही. कंपनीत सिलिंडर भरताना वर मोकळी जागा सोडतात, कारण उन्हाने द्रव फुगतो. घरी पाइपने भरताना ती जागा कोण मोजतो? काठोकाठ भरलेलं सिलिंडर गाडीवर कढईशेजारी ठेवलं की मग काय होऊ शकतं ते सांगायला नको.

दवाखान्यात भाजलेली बाई आली की पोलिसांना कळवतात. तिथल्या बाकावर तो माझ्या कानाशी लागला, ‘‘चाचा, सिलिंडर की बात मत बोलिए. स्टोव भड़क गया, बोल दीजिए.’’ हात जोडले. मी खोटं बोललो नाही. मी फार सत्यवादी आहे म्हणून नाही. एक भाजलेली बाई आत पडली आहे, तिचा जबाब वेगळा आणि आमचा वेगळा झाला तर संशय कुठल्या कुठे जाईल, हे मला दिसत होतं. जे बघितलं ते सांगितलं. सिलिंडर आणि पाइप जप्त झाले, त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. ती केस चालू आहे, तिच्यावर मी बोलणार नाही. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, हे मात्र खरं.

मग मला विचारलं गेलं, भाडेकरार कुठे आहे? मी घरून आणला. स्टँप पेपरवर टाइप करून घेतलेला, दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. नोंदणी केलेली नाही. ती का केली नाही? कटकट नको म्हणून. कागदावर आलं की उद्या हक्क सांगतील, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. सांगलीत माझा भाचा वकिली करतो. त्याने डोक्याला हात लावला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५. करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर आणखी असं की, नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे हक्क सांगतील या भीतीने मी जे टाळलं, त्याने माझीच बाजू लंगडी झाली. आणि खर्च किती होता? माझ्या भाड्याला दोनशेच्या आत मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फी.

त्या दिवशी संध्याकाळी गल्ली माझ्या ओट्यावर जमली. चिडणं बरोबरच होतं. गल्ली चिंचोळी, भिंतीला भिंत. कुणी म्हणालं, सामान बाहेर काढा. कुणी म्हणालं, वरचं पाणी तोडा, लाइट तोडा, आपोआप जातील. आणि एक जण म्हणाला, ‘‘चाचा, ये लोग ऐसेच होते. यूपी के लोगां को देनाच नहीं था.’’

आता थोडं बाजूला जातो. माझा थोरला मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याने पहिल्यांदा फ्लॅट शोधला तेव्हा मी बरोबर होतो. फोनवर सगळं ठरायचं. भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं, कधी येता विचारायचे. मग नाव विचारायचे. मग ‘घरात विचारून सांगतो’. अकरा ठिकाणी विचारलं, हे मी वहीत लिहून ठेवलंय. एका गृहस्थांनी, बिचारे सज्जन होते, खरं सांगितलं. म्हणाले, ‘‘तुमच्याबद्दल काही नाही हो, पण तुमच्या लोकांचा सोसायटीला आधी एक अनुभव आलाय.’’ एक अनुभव! तुमच्यातल्या प्रत्येकाकडे असा एक किस्सा असेल. आपण तो चहा पिताना सांगतो, चिडतो. आणि त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर, माझ्याच माणसांच्या तोंडून तेच वाक्य आलं, फक्त गावाचं नाव बदललेलं.

मी त्याला एवढंच विचारलं, की गेल्या वर्षी आपल्याच गल्लीत रमजानच्या दिवसांत भजीच्या गाडीसाठी गॅस भरताना कुणाला धरलं होतं? तो गप्प बसला. तो त्याचा मेहुणा होता.

पण तेवढ्याने माझं काम भागलं नाही. समोरच्या घरातला एक मुलगा, वय सत्तावीस-अठ्ठावीस, सहा महिन्यांचं बाळ त्याला. तो आरडाओरड करत नव्हता. सगळे गेल्यावर तो थांबला आणि म्हणाला, ‘‘चाचा, ते कुठले आहेत याच्याशी मला देणंघेणं नाही. तुमचं मन मोठं आहे, तुम्ही ठेवून घ्याल. पण तुमच्या मोठ्या मनाची किंमत माझ्या पोराने का द्यायची?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण शेजारी वरचाही आणि समोरचाही. दोघांचा हक्क एकाच वेळी माझ्या दारात उभा होता.

वर्कशॉपमध्ये माझे एक फोरमन होते. ब्रेकडाऊनची गाडी भर रस्त्यात उभी असली की ते म्हणायचे, आधी गाडी बाजूला घ्या, मग चूक कुणाची ते बघू. आम्ही तेच केलं. काढायचं की ठेवायचं हे त्या रात्री ठरवलंच नाही. त्या रात्री एवढंच ठरलं, की वर सिलिंडर जाणार नाही, एकही नाही. गाडीचं सामान घरात येणार नाही. चार वेळचं जेवण आमच्या चुलीवर. दोन दिवसांनी मुलाने इंडक्शनची शेगडी आणून दिली. गल्लीतल्या दोघांना वर नेऊन दोन्ही खोल्या दाखवल्या. धोका त्या दिवशीच संपला होता. राहिला तो राग आणि निर्णय.

सामान बाहेर फेकण्याबद्दल आणि पाणी तोडण्याबद्दल भाच्याने सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा, कारण उद्या तुमच्यावर ही वेळ येऊ शकते. पाणी, वीज अशा अत्यावश्यक सोयी घरमालकाने तोडणं याच कायद्याच्या कलम २९ मध्ये बसत नाही. कायद्याची वाट सोडून कुणाचा ताबा काढून घेतला, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली तो माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. काढायचं असेल तर रीतसर नोटीस द्या. भाडेकरू असेल तर कलम १६ मध्ये शेजाऱ्यांना उपद्रव हे एक कारण आहे, ते न्यायालयात सिद्ध करा. लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जा. कुलूप लावणे हा मार्ग कशातच नाही.

खरं सांगतो, पहिले दहा-बारा दिवस मी काढायचंच ठरवलं होतं. मुलीची परीक्षा एप्रिलमध्ये होती. ती संपली की घर खाली करा, असं त्याला सांगूनही टाकलं. तो हो म्हणाला. वाद नाही, काही नाही. मला हलकं वाटलं. भला माणूस म्हणून मी त्याच्यासाठी दुसरी खोली बघायला दोन ओळखीच्यांना फोन केले. पहिल्याने विचारलं, ‘‘माणूस कसा आहे? तुमच्याकडून का जातोय?’’

माझी जीभ अडकली. खरं सांगितलं तर तो खोली देणार नाही. लपवलं तर तीच नळी आणि तेच सिलिंडर मी दुसऱ्याच्या जिन्यावर नेऊन ठेवतोय. तिथेही कुणाचं तरी बाळ असेलच की. मी म्हटलं, नंतर फोन करतो. दुसऱ्याला काय सांगितलं ते आठवत नाही, पण तेही असंच काहीतरी.

त्या रात्री मी वर गेलो. आठवडाभर न बोललेली दोन माणसं समोरासमोर बसलो. मला राहून राहून एकच गोष्ट सलत होती, ती मी विचारली. जोड निसटल्यावर पंधरा मिनिटं तू गप्प का बसलास? खिडक्या उघडायच्या, जिन्यातून ओरडायचं, ‘चाचा, गॅस सांडलाय, मोटर लावू नका’. एवढं एक वाक्य. तुझी बायको त्याच जिन्याने खाली उतरत होती!

तो म्हणाला, ‘‘बोलता तो आप कमरा खाली करवा देते.’’

मित्रांनो, मी सुन्न झालो. कारण हे मी आधी पाहिलेलं होतं. डेपोत एखादा ड्रायव्हर ब्रेक नीट लागत नाही हे लॉगशीटवर लिहायचा नाही. का? लिहिलं तर गाडी उभी राहील, ड्युटी जाईल, वर साहेब विचारेल, तूच काय केलंस? मग तो तशीच गाडी घाटातून काढायचा. जिथे सांगणाऱ्याला शिक्षा होते, तिथे बिघाड लपतो. आणि माझ्या घरात मी काय करून ठेवलं होतं? अकरा महिन्यांचा कच्चा कागद, मनात येईल तेव्हा ‘खाली कर’ म्हणायची सोय. ती सोय मी माझी ताकद समजत होतो. त्या माणसाला गॅसपेक्षा माझी भीती जास्त वाटत होती.

आता कुणी म्हणेल, म्हणजे चूक तुमची, त्याची नाही. तसं मी म्हणत नाही. गरिबीचं कारण पुढे करून मी त्याला सोडत नाही. नोंदलेला करार नव्हता म्हणून त्याला पत्त्याचा पुरावा नव्हता, पुरावा नव्हता म्हणून स्वतःच्या नावाचं कनेक्शन नव्हतं, हे खरं. मोठं सिलिंडर त्याने काळ्या बाजारातून घेतलं होतं, हेही त्यातूनच आलं. पण पाच किलोचं ‘छोटू’ सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतं. ते त्याला माहीत होतं. महाग पडतं म्हणून घेतलं नाही. किलोमागे वाचणाऱ्या पैशांसाठी त्याने सगळ्या गल्लीला पणाला लावलं. तो त्याचा हिशेब, त्याला त्याचं उत्तर द्यावं लागेल, देतोय.

माझी पत्नी त्या रात्री माझ्याबरोबर वर आली होती. आमचं बोलणं तिने अर्ध्यावर तोडलं. म्हणाली, ‘‘तुम्ही दोघेच ठरवणार का? भाजलंय कोण?’’ आणि ती आतल्या खोलीत त्या बाईंजवळ जाऊन बसली. पायाला पट्ट्या, पाच आठवडे ड्रेसिंग चाललं त्यांचं. त्या बाईंनी सांगितलं, की मी याला नेहमी नको म्हणायचे, पण कुणाला सांगणार? खाली सांगितलं तर घर जाणार, नाही सांगितलं तर जीव. मग म्हणाल्या, ‘‘अब दूसरा सिलिंडर इस घर में आया ना चाची, तो मैं खुद नीचे आके बोलूँगी. चाहे ये मुझपे गुस्सा करें.’’ नवरा मान खाली घालून ऐकत होता.

आम्ही ठेवलं त्यांना. अटी सांगतो. करार नव्याने केला, लिव्ह अँड लायसन्स, ऑनलाइन नोंदणी, अंगठे घरी बसून झाले. त्या कराराच्या आधारावर त्यांनी स्वतःच्या नावाने गॅस कनेक्शन घेतलं. समोसे तळणं घरी नाही, त्यासाठी त्याने स्टेशनकडे एक गाळा दोघांत भाड्याने घेतला आणि व्यावसायिक सिलिंडर. भाडं दुप्पट वाटतंय म्हणून तो अजून कुरकुरतो, कुरकुरू दे. मीही माझ्या बाजूचं केलं. जिन्याखालची मोटर बाहेर मोकळ्यावर काढली, जिन्याला खाली जाळीची खिडकी पाडली. आणि एक अट अशी, की गॅस सांडला, वायर जळली, काहीही झालं आणि त्याच क्षणी खाली येऊन सांगितलंत, तर त्यासाठी मी घर खाली करायला लावणार नाही. लपवलंत आणि मला दुसरीकडून कळलं, तर दुसऱ्या दिवशी नोटीस. भाच्याने ही अट कायद्याच्या भाषेत बसवली आणि आम्ही ती हिंदीत वाचून दाखवली. सही दोघांनी केली, नवऱ्यानेही आणि बायकोनेही.

त्याने मला दवाखान्याच्या बाकावर खोटं बोलायला सांगितलं होतं, तेच जर दुसऱ्यांदा केलं असतं, म्हणजे रात्री वर गेल्यावरही तोंडावर खोटं बोलला असता, तर मी ठेवलं नसतं. परीक्षा असो, नसो. तेही सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही मला उगाच मोठा समजाल.

पुढे सप्टेंबरमध्ये एकदा रात्री अकराला मुलगी धावत खाली आली. ‘‘दादा, रेग्युलेटरमधून सूं आवाज येतोय!’’ मी वर जाईपर्यंत बाईंनी रेग्युलेटर काढून टोपी लावली होती, खिडक्या उघडल्या होत्या आणि दिव्याच्या बटणाला कुणी हात लावला नव्हता. रबरी वायसर गेला होता. सकाळी एजन्सीचा माणूस येऊन बदलून गेला. पन्नास पैशांची गोष्ट. पण मी त्या रात्री बराच वेळ ओट्यावर बसून होतो.

समोरचा तो मुलगा मात्र अजून माझ्याशी नीट बोलत नाही. सलाम घेतो, थांबत नाही. त्याचं बाळ आता चालायला लागलंय, आमच्या जिन्याकडे येऊ लागलं की तो उचलून नेतो. मी त्याला सप्टेंबरचा प्रसंग सांगितला, करार दाखवला, मोटर दाखवली. तो म्हणाला, ‘‘चाचा, तुम्ही सगळं केलंत. पण विचारलं नाहीत. ठरवून झाल्यावर सांगितलंत.’’ हेही खरं आहे. गल्लीला मी दोन्ही खोल्या दाखवल्या, पण निर्णयाच्या वेळी त्याच्या दारात गेलो नाही. कारण तो नाही म्हणेल हे मला माहीत होतं.

करार या मे महिन्यात संपतोय. नवा करायचा की नाही ते ठरायचं आहे. या वेळी आधी त्याच्याकडे जाणार आहे, सोबत वरच्या बाईंना घेऊन. त्या तयार आहेत. तो काय म्हणेल, माहीत नाही.

मला एवढंच सांगायचं होतं. कराराच्या नोंदणीबद्दल किंवा गॅसबद्दल काही विचारायचं असेल तर चहाच्या वेळी भेटा, भाच्याचा नंबरही देतो.